हरवलेल्या मुलीचा चष्मा

दुपारचे तीन वाजले असतील. मी दुकानात एका मास्तरांच्या चष्म्याचा स्क्रू आवळत होतो. काउंटरवर कुणीतरी चष्मा ठेवला. काळी फ्रेम, डावी काच तडकलेली.

माझ्या हातातला स्क्रू कुठे उडाला, तो पुढे सापडलाच नाही.

ती फ्रेम मी आठ दिवसांपूर्वी थिएटरात पाहिली होती. तिघं कॅमेरा घेऊन एका बंद गिरणीत शिरतात, परत येतच नाहीत. मागे फक्त टेप सापडते, आणि तीच तुम्ही बघताय, असं पडद्यावर सुरुवातीलाच लिहिलं होतं. कॅमेरा हलत होता, मुलगी धापा टाकत होती, आणि शेवटी जमिनीवर नुसता तिचा चष्मा. मी सगळं खरं मानलं. बाहेर 'हरवली आहे' अशी तिची पत्रकं वाटत होते. त्यातलं एक आणून मी दुकानाच्या काचेवर चिकटवलं होतं.

मी मान वर केली. तीच होती.

"तुम्ही... जिवंत आहात?"

"अहो, हळू! अजून तीन आठवडे मला हरवलेलंच राहायचंय. तसं लिहून दिलंय मी."

"म्हणजे सगळं खोटं?"

"चष्मा खराच फुटला. आईनं त्यावरून झापलंही खरंच."

मला हसू आलं नाही. "मी रडलो होतो हो. शेजारच्या बाईंनी रुमाल दिला मला."

तिनं चष्मा माझ्याकडे सरकवला. "रडला असाल, असं वाटलंच होतं... पत्रकावरच्या नंबरवर फोन मीच घ्यायचे. तिची ताई बनून. बाकी सगळे विचारायचे, भूत दिसतं कसं? एकच माणूस रोज जेवण झालं की फोन करायचा. 'ताई, सापडली का हो? तिला चष्म्याशिवाय दिसत नसेल. सापडली की माझ्या दुकानात पाठवा, काच मी बसवून देतो.' वर पत्ताही सांगायचा!"

माझे कान तापले.

"आठ दिवस तुमच्याशी खोटं बोलले," ती म्हणाली. "आज राहवलं नाही. तुम्ही कुणाला सांगितलंत, तर माझं काम जाईल. आता तुम्हीच ठरवा."

मी उठून काचेवरच्या पत्रकापाशी गेलो. एक कोपरा सुटला होता, तो अंगठ्यानं दाबून पक्का बसवला.

"काढत नाही?"

"तुम्ही हरवलेल्या आहात ना अजून?"

तेव्हा ती हसली. तिच्या गालाला खळी पडते, हे सिनेमात कुठे दाखवलंच नव्हतं.

"मग उद्या फोन करणार?"

"करणार. सवय झालीय."

"ताईशी बोलायला... की माझ्याशी?"

"ताईंना सांगा, मुलगी सापडली. मला."

मागच्या वर्षी ती गेली. या वेळी खरंच. लोक भेटायला येतात, काय बोलावं ते त्यांना सुचत नाही. मीच त्यांना सांगतो, बाबांनो, माणूस आधी मिळतं आणि मग जातं. मी तिच्यासाठी आधी रडून घेतलं, आणि मग ती मला एकतीस वर्षं मिळाली. तक्रार कुठल्या तोंडानं करू?

कधीतरी लेक विचारते, "बाबा, आईचा सिनेमा लावू?"

"लाव."

शेवटी चष्मा जमिनीवर पडतो, तेव्हा जावई अजून दचकतो. मी नाही दचकत. तो चष्मा घेऊन ती कुठे येणार आहे, ते मला ठाऊक असतं.