सावरगडचा पाचवा दिवस

सावरगड पाचव्या दिवशी पडलाच कसा, हे सातवीच्या वर्गात कोणालाच कळत नव्हतं.

ही गोष्ट २०६३ सालची. इतिहासाच्या तासाला मुलं डोळ्यांवर चष्मे चढवून जुन्या लढाया खेळत. ‘रणपट’ नावाच्या त्या खेळात साडेतीनशे वर्षांपूर्वीचा सावरगडचा वेढा होता. गडावर चारशे माणसं, चाळीस घोडे, कोठारात भरपूर धान्य. जुन्या कागदांत लिहिलं होतं, की पाचव्या दिवशी गडाचा दरवाजा आतून उघडला गेला. खेळात मात्र गड चाळीस दिवस झुंजायचा. वर्गाने वीस वेळा खेळून पाहिलं. वीसही वेळा तेच!

“म्हणजे फितुरी झाली,” शौनक म्हणाला. “दरवाज्यावर हवालदार कोण होता? येसाजी धुमाळ!”

सगळ्यांच्या माना गिरिजा धुमाळकडे वळल्या.

मधल्या सुट्टीत तिच्या बाकावर कोणी बसलं नाही. फळ्यावर कोणीतरी ‘फितूर’ असं लिहून ठेवलं. येसाजी आपला पूर्वज, हे गिरिजा लहानपणापासून अभिमानाने ऐकत आली होती. आता तिच्याच मनात पाल चुकचुकली. घरी तिने बाबांना विचारलं, “बाबा, येसाजीने दरवाजा का उघडला?” बाबांनी पेला खाली ठेवला आणि “अभ्यास झाला का?” असं विचारलं. हे काहीतरी लपवताहेत, असं तिला वाटलं.

ती आजोबांकडे गेली. आईचे वडील, भास्कर आजोबा, चाळीस वर्षं हवामानाचे अंदाज बांधत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“तू येसाजीवर संशय घेतलास, बाबांवर घेतलास. खेळावर का नाही घेतलास?”

“खेळ कशाला खोटं बोलेल?”

“खोटं नाही बोलत. आपण त्याला जे सांगतो, त्यातूनच तो उत्तर काढतो. हा खेळ म्हणजे प्रतिरूप (खऱ्या घटनेची आकड्यांनी केलेली नक्कल). त्याच्या पोटात गृहीतकं (आधीच खरी धरलेली गोष्ट म्हणजे गृहीतक) असतात. ती उघड बघू.”

दोघांनी यादी उघडली. तटाची उंची, तोफांचा पल्ला, धान्य... आणि एका ओळीवर गिरिजाचं बोट थांबलं. ‘पाणी : कायम पुरेसं’.

“आजोबा, वेढा तर वैशाखात पडला होता!”

मग त्यांनी हिशेब केला. माणसाला दिवसाला पाच लिटर, म्हणजे चारशे माणसांना दोन हजार. घोड्याला पस्तीस लिटर, म्हणजे चाळीस घोड्यांना चौदाशे. रोजचे तीन हजार चारशे लिटर! गिरिजाने ‘कायम’ खोडून गडावरच्या पाण्याच्या टाक्या निम्म्याच भरलेल्या धरल्या. गड वीस दिवस टिकला. आणखी कमी केलं, नऊ दिवस. तिने आकडा खाली, आणखी खाली ओढला, आणि गड बरोबर पाचव्या दिवशी पडला.

“सापडलं!” ती ओरडली. “दोन टँकरांपेक्षाही कमी पाणी होतं. येसाजी फितूर नव्हता!”

आजोबा हसले नाहीत. “हा आकडा तुला कुठे मिळाला?”

“मी... उत्तर जुळेपर्यंत बदलत गेले.”

“म्हणजे तुला हवं ते उत्तर आधी ठरलं, आकडा मागून आला. आता तुझ्यावरही संशय घ्यायला हवा.”

गिरिजाचा चेहरा पडला. “मग खरं कसं कळणार?”

“खेळाच्या बाहेरचा साक्षीदार शोधायचा. त्या साली पाऊस किती झाला, हे ज्याला ठाऊक आहे असा.”

रविवारी बाबांनीच दोघांना गडावर नेलं. चढताना ते हळूच म्हणाले, “मलाही शाळेत असंच चिडवायचे, गिरिजा. तुला काय सांगावं, मलाच कळेना.” तिने त्यांचा हात धरला.

वेढ्यानंतर अकरा वर्षांनी गडाचा दरवाजा नव्याने बांधला होता. चौकटीवर ते वर्ष कोरलेलं होतं. वरच्या सागवानी तुळईला एका बाजूला अजून झाडाची साल चिकटलेली होती. आजोबांनी तिच्यावर हातातलं क्ष-किरणयंत्र (वस्तू न कापता तिच्या आतलं दाखवणारं यंत्र) धरलं. पडद्यावर लाकडातली वर्तुळं उमटली.

“झाडाचं दर वर्षी एक वर्तुळ वाढतं. चांगला पाऊस झाला तर रुंद, कमी झाला तर अरुंद. सालीपासून आत मोज.”

गिरिजा मोजू लागली. नववं वर्तुळ बोटभर रुंद होतं. दहाव्यापासून तेराव्यापर्यंतची चारही दोऱ्यासारखी बारीक.

“लाकूड एखाद-दोन वर्षं आधी तोडलेलं असलं, तरी वेढ्याआधीचा पाऊस या चारांतच येतो,” आजोबा म्हणाले. “ओळीने चार वर्षं दुष्काळ.”

“पण टाक्यांत नेमकं किती पाणी होतं, ते यातून कळत नाही,” गिरिजा सावकाश म्हणाली.

आता मात्र आजोबा हसले. “म्हणून एकच आकडा धरायचा नाही. दुष्काळात शक्य असलेले शंभर आकडे घे, शंभर वेळा लढाई खेळ. आम्ही पावसाचा अंदाज असाच बांधायचो.”

सोमवारी तिने वर्गाला शंभर निकाल दाखवले. एकसष्ट वेळा गड आठवड्याच्या आतच पडला होता.

“म्हणजे येसाजी निर्दोष?” इतिहासाच्या बाईंनी विचारलं.

वर्ग तिच्या तोंडाकडे बघत होता. ‘हो’ म्हणणं अगदी सोपं होतं.

“माहीत नाही,” गिरिजा म्हणाली. “दरवाजा तहानेने उघडला असेल, फितुरीनेही उघडला असेल. पण फितुरीशिवाय गड पडूच शकत नव्हता, असं आता कोणालाही म्हणता येणार नाही.”

मग शौनक उठून तिच्या बाकाशी आला. त्याचे कान लाल झाले होते.

“फळ्यावर मीच लिहिलं होतं,” तो म्हणाला. “चुकलं माझं.” आणि जरा थांबून, “खेळात दारूगोळाही कधी संपत नाही, बघितलंस?”

गिरिजा बाकावर सरकली. तो शेजारी बसला. दोघांनी मिळून गृहीतकांची यादी उघडली. एकूण चारशे बारा होती. त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली.