मागची डावी बाजू

बुधवार, दुपारचे तीन वाजून चाळीस मिनिटं. कुरखेड्याच्या रस्त्यावरचं सावळघाट, एसटी थांब्यामागची टिनाची शेड. पूर ओसरून सहा तास झाले होते. शेडसमोर गुडघाभर चिखलात बाबूभाई उभे होते. हातात चाव्यांचा जुडगा होता, दार अजून उघडलं नव्हतं.

आत त्यांच्या तीन गाड्या होत्या. वडिलांची छप्पन्न सालची लँडमास्टर, एक फियाट, आणि लाकडाच्या ठेकेदाराकडून सांगाडा म्हणून आणून उभी केलेली विलीज जीप. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांखाली झोपून या माणसानं स्वतःसाठी जमवलं ते एवढंच.

वरच्या धरणाचे दरवाजे उघडण्याआधी भोंगा वाजवायचा असतो. तो कागदावर वाजला. सावळघाटात कुणाच्याही कानावर आला नाही. रविवारी संध्याकाळी पाचला नाल्याचं पाणी उलटं फिरलं, तेव्हा बाबूभाईंच्या हाती वीस मिनिटं होती. तेवढ्यात त्यांनी तिन्ही बॅटऱ्या काढल्या, उघड्या होत्या त्या काचा वर केल्या, दारांना कुलपं घातली, वरून ताडपत्र्या आवळल्या. एक काम मात्र राहिलं.

एसटीची वाट पाहून कंटाळलेली माणसं लँडमास्टरच्या मागच्या सीटवर येऊन आडवी व्हायची. बाबूभाईंची कधी ना नसे. गाडीत माणूस बसत राह्यलं पाह्यजे, नाई तं गाडी मरते, असं त्यांचे वडील म्हणत. रोज कुलूप लावण्याआधी बाबूभाई मागच्या काचेवर तीनदा टकटक करत. कुणी झोपलेलं असेल तर उठायचं, पाणी मागायचं, जायचं. रविवारी त्यांनी टकटक केली नाही. मागं वळून पाहिलंही नाही.

आणि आता शेजारची वच्छलाबाई सांगत होती, "बाबूभाऊ, तुमच्या शेडीतून हॉर्न वाजून राह्यला होता." ती आणि अर्धी वस्ती शाळेच्या स्लॅबवर अडकली होती. "रविवारी सांजेपासून. थांबून थांबून... आमी म्हटलं, पाण्यानं वायर जुळली असन."

"कधीपर्यंत?"

"सोमवारी दुपारपर्यंत. मंग नाई."

"बॅटऱ्या माझ्या घरी होत्या, बाई. पलंगावर."

"मंग पलंगावूनच वाजला असन," वच्छलाबाई म्हणाली. पण ती हसली नाही.

गडचिरोलीच्या आयटीआयत शिकवणारी त्यांची मुलगी शिरीन सकाळीच ट्रॅक्टरवर बसून आली होती. तिनं हात पुढे केला. "अब्बा, चावी द्या."

"थांब."

"काय थांब? आत कोणी असन तं तो रविवारपासून थांबला आहे."

बाबूभाईंनी कुलूप काढून दार स्वतःच लोटलं. सीटांमधला कुजलेला काथ्या, जुनं पेट्रोल, नदीचा गाळ, सगळ्याचा मिळून एक वास अंगावर आला. फियाट जीपवर चढली होती, तिचा टप चेपला होता. पुरात काचा उघड्या ठेवा, पाणी आत येऊ द्या, मग गाडी तरंगत नाही, हे ते सगळ्या तालुक्याला शिकवत आले होते. सीटच्या चामड्याच्या मायेनं तेच विसरले होते.

लँडमास्टर भिंतीला टेकली होती. त्यांनी ताडपत्री कापली. मागच्या काचेवर तीनदा टकटक केली. मग कान लावून उभे राहिले, बराच वेळ. वच्छलाबाई दारातच थांबली होती.

गाडीचं कुलूप उघडलं. आत कुणीही नव्हतं. गाळ सीटवर चढला होता. चारही दारं बंद, एकही काच फुटलेली नाही. पण मागच्या डाव्या काचेवर, अगदी टपाजवळ, दोन पंजे उमटले होते. दहाही बोटं खाली घसरत आलेली. शिरीननं बाहेरून बोट फिरवलं, ठसे पुसले गेले नाहीत. ते आतून होते. तिनं त्यावर आपला पंजा धरून पाहिला.

"माझ्याहून मोठे आहेत, अब्बा..."

दुसऱ्या दिवशी तलाठी कुलदीप पंचनाम्याला आला. त्यानं लिहिलं, भंगार वाहने, नग तीन, रिकामी.

"रिकामी लिहू नको," बाबूभाई म्हणाले.

"मंग काय लिहू, बाबूभाऊ? माणूस दाखवा."

माणूस कुठून दाखवणार? पोलिसांनी आजूबाजूच्या अकरा गावांत विचारलं, एसटीच्या वाहकांना विचारलं. कुणी हरवलेलं नव्हतं. कुणाच्या घरी कुणाची वाट पाहणं चाललं नव्हतं. लोक म्हणाले, देवाची कृपा. बाबूभाई त्या दिवशी जेवले नाहीत. आपल्या हातून कोण कोंडलं गेलं, एवढंच त्यांना कळायला हवं होतं.

या गोष्टीला पाच आठवडे झाले. फियाट आणि जीप भंगारात गेल्या. लँडमास्टर अंगणात उभी आहे. इंजिन उतरवलेलं, दारं काढलेली, सीटा उन्हात टाकलेल्या. नुसती पत्र्याची पेटी. तरी तिची मागची डावी बाजू दोन इंच खाली बसते. बाबूभाईंनी चाकावरचे, गाडीचं वजन पेलणारे लोखंडी पाटे बदलले. उजवीकडचे डावीकडे घालून पाहिले. खालची जमीन गवंड्याकडून लेव्हलमध्ये करून घेतली. दोन इंच ते दोन इंचच.

परवा रविवारी, सकाळी अकरा वाजता, शिरीन मागच्या उजव्या कोपऱ्यात पत्र्यावर जाऊन बसली. बाबूभाईंनी दोन्ही बाजूंना टेप लावून पाहिला.

गाडी सरळ झाली होती.