चौथ्या रांगेतला कागद

मंगळवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी एकसष्ट कागद परत आले. वाटताना ते साठ होते.

छावणीच्या व्याख्यानगृहात बारा-बारा खुर्च्यांच्या पाच रांगा होत्या. भिंती कमरेपर्यंत हिरव्या, वर पांढऱ्या. एक पंखा फिरताना टकटक करायचा. साठ जवानांनी एकवीस प्रश्नांची पत्रिका भरली होती. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी होती, भूक लागत होती का, कशात मन रमत होतं का. प्रत्येक प्रश्नापुढे चार चौकटी: अजिबात नाही, काही दिवस, बरेच दिवस, जवळजवळ रोज. पत्रिकेवर नाव नाही, फक्त क्रमांक. कुठला क्रमांक कुणाचा, ती यादी लष्करी डॉक्टरांच्या कपाटात.

पत्रिका तयार करणारी मानसतज्ज्ञ बाहेरून आलेली होती. जवान तिला पाठीमागे ‘प्रश्नताई’ म्हणत आणि ते तिला ठाऊक होतं. पत्रिका भरवशाची आहे की नाही, हे तिला तपासायचं होतं. माणूस कागदावर जे सांगतो तेच डॉक्टरांना समोरासमोर बोलताना आढळतं का, आणि दोन आठवड्यांनी विचारलं तर तो साधारण तेच सांगतो का.

पेन उघडण्याआधी ती एक वाक्य मोठ्याने वाचायची. “नवव्या प्रश्नाला जो ‘जवळजवळ रोज’ लिहील, त्याला त्याच दिवशी कुणीतरी भेटायला येईल.” नववा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याबद्दलचा होता. हे वाक्य तिनेच घातलं होतं. तीन वर्षांपूर्वी एका कारखान्यात तिने शुक्रवारी गठ्ठा गोळा केला आणि सोमवारी उघडला. त्यातल्या एका कामगाराने तो सोमवार पाहिला नव्हता.

एकसष्टाव्या कागदावर क्रमांकाची चौकट रिकामी होती. वय सव्वीस. नोकरी चार वर्षं. नवव्या प्रश्नाला: जवळजवळ रोज.

“छापताना एक जास्त निघाला असेल,” डॉक्टर म्हणाले.

“निघाला असेल. भरला कुणी?”

“केली असेल कुणीतरी टवाळी. हाडाचे टवाळखोर आहेत सगळे.”

“टवाळी करणारा चौदावा प्रश्न वाचत नाही, डॉक्टरसाहेब.”

चौदावा प्रश्न तिने मुद्दाम उलटा ठेवला होता: ‘उद्याची वाट पाहावीशी वाटते.’ बावन्न जणांनी न वाचता वरपासून खालपर्यंत ‘अजिबात नाही’वर खुणा ओढल्या होत्या.

डॉक्टरांना हसू आलं. “म्हणजे सगळी पलटण मजेत, फक्त उद्या कुणालाच नको!”

ती हसली नाही. बिनक्रमांकाच्या कागदावर प्रत्येक खूण वेगवेगळ्या जागी होती. कुणीतरी तो शब्दन् शब्द वाचला होता.

त्या दिवशी सव्वीस वर्षांच्या सातही जणांना डॉक्टरांनी एकेक करून बोलावलं. चार वर्षं नोकरी झालेला त्यांत एकही निघाला नाही. संध्याकाळी सहाला सगळे आपापल्या कामाला गेले. ती मात्र मोकळ्या व्याख्यानगृहात येरझाऱ्या घालत राहिली.

कागद गोळा करायची तिची एक ठरलेली पद्धत होती. रांगेतला भिंतीकडचा माणूस आपला कागद शेजाऱ्याकडे देई, तो त्यावर आपला ठेवून पुढच्याकडे. असं करत बारा कागद वाटेच्या टोकाला उभ्या असलेल्या तिच्या हातात येत. प्रत्येक रांगेचा गठ्ठा ती वेगळा ठेवी. म्हणून कुठला कागद कुठल्या जागेवरून आला, हे तिला सांगता येत असे. जास्तीचा कागद चौथ्या रांगेतला होता, सहाव्या आणि सातव्याच्या मधला. सहावा ‘लंबू’ म्हणून ओळखला जाणारा ट्रकचालक. सातवा भटारखान्यातला आचारी.

बुधवारी तिने दोघांना बोलावलं.

“कागद तुझ्या हातात कुणी दिले?” तिने आचाऱ्याला विचारलं.

“शेजारच्याने.”

“म्हणजे लंबूने?”

“लंबूचा हात लांब आहे ताई, पण एवढा नाही.” तो आपल्याच विनोदावर हसला आणि मध्येच थांबला. “लंबू पलीकडे बसतो.”

“मग शेजारी कोण?”

“असतो ना एक.”

“नाव काय त्याचं?”

“नाव...” त्याने कपाळ चोळलं. “ओठांवर आहे बघा.” त्याने मदतीसाठी लंबूकडे पाहिलं. लंबू आपल्या बुटांकडे बघत होता.

“तू कागद कुणाला दिलेस?” तिने लंबूला विचारलं.

“ताई, मला गाडी काढायचीय,” तो म्हणाला आणि परवानगी न घेताच निघून गेला.

दोन आठवडे तिने कसेबसे काढले. मोठ्या बहिणीचा फोन रोज येई.

“आवाज बघ कसा झालाय तुझा. रात्री डोळ्याला डोळा लागतो का?”

“काम आहे गं ताई.”

“कामं आम्हालाही असतात, बाई. आम्ही जेवतो, झोपतो.”

दुसऱ्या फेरीला तिने दारात उभं राहून डोकी मोजली, प्रत्येक कागदावर स्वतःची सही केली, उरलेला गठ्ठा कपाटात घालून कुलूप लावलं. साठ माणसं, साठ कागद. या वेळी तिने चौथ्या रांगेवरून नजर हलवली नाही. लंबू आणि आचारी खुर्च्या सरकवून बसले होते. मध्ये बरोबर एका खुर्चीएवढी जागा मोकळी होती. त्यांना तसं बसायला कुणी सांगितलं नव्हतं.

एकसष्ट कागद परत आले. जास्तीच्या कागदावरही तिची सही होती.

त्याहून वाईट होतं ते त्यात लिहिलेलं. एकवीसच्या एकवीस उत्तरं पहिल्या वेळचीच होती. जिवंत माणसाची खूण दोन आठवड्यांत एखाद-दुसरी चौकट तरी हलते. एवढी सुसंगती तिने आयुष्यात पाहिली नव्हती. डॉक्टरांनी दहा वर्षांचं हजेरीपत्रक उघडलं. त्या वयाचा कुणी मेला नव्हता, पळाला नव्हता, बेपत्ता झाला नव्हता.

“अहवालात साठच लिहा,” डॉक्टर म्हणाले. “हा काढून टाका.”

“मी त्याला सांगितलंय कुणीतरी येईल म्हणून.”

“कुणाला सांगितलंय?”

तिने तो कागद परत फाइलमध्ये ठेवला.

प्रश्नांचा क्रम बदलून पाहायचाय, अशी सबब सांगून तिने तिसरी फेरी मागून घेतली. सकाळी नऊ वीसला तिने मागच्या खोलीतून एक खुर्ची स्वतः उचलून आणली आणि त्या मोकळ्या जागेत ठेवली. एका कागदावर हाताने ‘६१’ लिहून तो खुर्चीवर ठेवला.

जवान आत आले, बसले. थोड्या वेळाने लंबूने पाय आत घेतले, एखाद्याला वाट द्यावी तसे.

तिने वाक्य वाचलं.

वीस मिनिटं नुसता पेनांचा आवाज आणि पंख्याची टकटक.

चौथ्या रांगेच्या टोकाला ती उभी राहिली. गठ्ठा सरकत आला. आचाऱ्याने शेजारून कागद घेतले, न बघता, आपला वर ठेवला, पुढे दिले.

तिने उभ्याउभ्याच एकसष्ट क्रमांक शोधून काढला. तो भरलेला होता. नववा प्रश्न: काही दिवस.

महिन्याभरात पहिल्यांदा ती खुर्चीला पाठ टेकून बसली. “नववं उत्तर खाली उतरलं, डॉक्टरसाहेब.”

डॉक्टर मोजत होते. त्यांनी पुन्हा मोजलं.

“बासष्ट.”

चौथ्या रांगेचे चौदा कागद होते. नवा कागद सगळ्यात वर होता. टोकाचा जवान म्हणाला, “मी माझा वर ठेवला आणि ताईंच्या हातात दिला. त्याच्यावर काही नव्हतं.”

क्रमांकाची चौकट रिकामी. वय एक्केचाळीस. नोकरी सोळा वर्षं. नवव्या प्रश्नाला: जवळजवळ रोज.

त्या रांगेत पस्तिशीच्या पुढे कुणी नव्हतं. तिला मार्चमध्ये एक्केचाळीस पूर्ण झाली होती, आणि या कामात सोळा वर्षं.

“मी भरलेला नाही,” ती म्हणाली.

“मी कुठे विचारलं?” डॉक्टरांनी जवानांना बाहेर पाठवलं आणि दार लावून घेतलं. “त्याच दिवशी भेटायचं. वाक्य तुमचं आहे, बाई.”

मुलाखत अकरा दहाला सुरू झाली, अकरा पन्नासला संपली. खोलीत ते दोघंच होते. झोप, भूक, काम, सगळ्याची तिने सरळ उत्तरं दिली. नवव्या प्रश्नाला ती खिडकीबाहेर पाहत राहिली. किती वेळ, ते तिला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मुलाखतीचा कागद फाइलला लावायला तिच्याकडे आला. नवव्या प्रश्नापुढे कुठल्याही चौकटीत खूण नव्हती. शेजारी डॉक्टरांनी शाईच्या पेनाने लिहिलं होतं: ‘त्या बोलल्या नाहीत. त्यांच्या वतीने सोबतच्याने उत्तर दिलं. त्यांना एकटं सोडू नये म्हणाला.’

तिने कागद डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला, उजेडाकडे धरून पुन्हा वाचला.

“अक्षर माझंच आहे,” ते म्हणाले.

अहवाल अजून पाठवलेला नाही. कालपासून ती बहिणीकडे राहायला गेली आहे. आज सकाळी बहिणीने डॉक्टरांना फोन केला. धाकटी रात्रभर शांत झोपली, असं सांगितलं. आणि छावणीतून आलोय म्हणत दाराशी उभ्या असलेल्या त्या पंचविशी-सव्विशीतल्या मुलाला आत घेऊ का, असं विचारलं.