सगळ्यांना घेऊन या

नलिनीबाईंनी उभ्या जन्मात पहिला मासा विकत घेतला तो चंदीगडला. डोक्यावरून शाल, नाकाला पदर. कऱ्हाडात असताना शेजारी बोंबील भाजले तर धडाधड खिडक्या लावून घेणारी ही बाई आता मासेवाल्याच्या ओट्यापुढे उभी होती. देव वर बसून हसला असेल, तर त्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

"माताजी, फ्राय के लिए काटूँ या तरी के लिए?" सरदारजींनी सुरा उचलला.

"मोटा काटो. और मेरे को दिखाओ मत!" नलिनीबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या.

येताना रस्त्यात उसाची ट्रॉली दिसली. रिक्षा थांबवून त्यांनी एक कांडं मागून घेतलं. ट्रॉलीवाला देत होता ते परत करून दुसरं निवडलं. उसाच्या बाबतीत कऱ्हाडची माणसं साक्षात ब्रह्मदेवाचंही ऐकत नाहीत.

हा सगळा खटाटोप सुनेच्या डोहाळ्यांसाठी. सून व्हिएतनामची. नाव माय. त्यामुळे सुनेला उठता-बसता 'माय, माय' म्हणून हाका मारणारी सासू जगात ही एकच. मुलगा क्षितिज सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ. परदेशी शिकायला गेला होता, तिथे हिच्या डब्यातलं खाऊन जो घायाळ झाला तो लग्न करूनच शुद्धीवर आला. वाढला चंदीगडात, म्हणून मराठी सगळी कळते. उत्तर मात्र हिंदीत. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांच्याशीही हिंदीतच भांडायचा.

तिघं राहायची चंदीगडच्या बाहेर मुल्लानपूरला, एका नव्या टॉवरमध्ये, नवव्या मजल्यावर. नवा म्हणजे इतका नवा की अर्ध्या घरांना अजून दारं नव्हती. खाली गव्हाची शेतं, बाजूला अर्धवट बांधलेले सांगाडे. आख्ख्या मजल्यावर हे एकच बिऱ्हाड. लिफ्ट वर यायला लागली की तिची घरघर स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायची आणि नलिनीबाई ओळखायच्या, कुणीतरी आपल्याकडेच येतंय. दुसरं कुणाकडे येणार?

मायला पाचवा महिना लागला तरी अन्न पोटात ठरेना. डॉक्टरीणबाईंनी तंबी दिली: खाल्लं नाही तर दवाखान्यात ठेवावं लागेल, बाळाचं वजन वाढत नाहीये. नलिनीबाईंनी घावन केले, सांजा केला, मेतकूट-भात भरवला. माय घास घ्यायची आणि धावत मोरीवर जायची.

"माय, सांग ना गं, काय खावंसं वाटतं?"

"मातीच्या भांड्यातला मासा," माय म्हणाली. "बाच्या हातचा."

बा म्हणजे तिकडे आजी. मायला वाढवली ती तिनेच.

दर रविवारी दिवेलागणीला मायचा घरी व्हिडिओ कॉल असायचा. फोन पोह्यांच्या डब्याला टेकवून उभा करायचा. पलीकडे तिची आई, तिला माय 'मे' म्हणायची. ती तिकडे हा-नाम प्रांतातल्या आपल्या ओट्यापाशी, ही इकडे. मध्ये सगळा समुद्र, आणि दोघी एकच पदार्थ एकाच वेळी शिजवायच्या. मे सांगायची, माय ढवळायची. दोघी चव घ्यायच्या, दोघी मान हलवायच्या. मासा दोन-तीनदा झाला. साखर जाळून घातली, मासळीचं पाणी घातलं, गलांगल म्हणून आल्यासारखं काहीतरी दिल्लीहून मागवलं. माय एक तुकडा जिभेवर ठेवायची आणि डोळे भरून चमचा खाली टाकायची.

"बाचा नाही."

मे पण तिकडे डोळे पुसायची. बाने चुलीजवळ कधी कुणाला येऊच दिलं नव्हतं म्हणे.

आता एका म्हातारीची गोष्ट. एका रविवारी मे मीठ आणायला उठली, माय शेगडीकडे वळली, आणि फोनसमोर नुसत्या नलिनीबाई उरल्या. त्यांना दिसलं की पलीकडे, मागच्या कोपऱ्यात बुटक्या स्टुलावर एक म्हातारी बसलीय. खारकेसारखी वाळलेली, तपकिरी झंपर, डोक्याला फडकं गुंडाळलेलं. गालात पान. ती हसली, तर दात काळेकुळकुळीत!

नलिनीबाई हरखल्या. 'अगं बाई, ही पण मिश्री लावते!' त्यांची आई अशीच होती. सकाळी परसात उकिडवी बसून, तळहातावर मिश्री घेऊन, तासभर दात घासत सगळ्या गल्लीचा उद्धार करायची.

नलिनीबाईंनी हात जोडले. म्हातारीनेही जोडले.

पुढे दर रविवारी असंच. मे परत आली की म्हातारी दिसेनाशी व्हायची. नलिनीबाईंना त्याचं काही वाटलं नाही. असेल विहीणबाईंची सासू. सासू-सून एका ओट्यापाशी कुठे टिकतात? आणि सुनेला विचारायचं तरी काय, तुझ्या घरातलं भांडण?

गेल्या रविवारी मात्र म्हातारीने हातात उसाचं कांडं धरलं होतं. ते बोटाने उभं चिरल्यासारखं केलं, भांड्याच्या तळाशी आडवं-उभं रचलं, वर मासा ठेवल्याची खूण केली. मग आपल्या पेल्यातला कोरा चहा वर ओतला. झाकण. आणि दोन्ही हात गालाखाली घेऊन डोळे मिटले: निवांत, अगदी निवांत शिजू दे.

स्वयंपाकाला भाषा लागत नाही. नलिनीबाईंना सगळं कळलं.

मासा आणला तो रविवार धुक्याचा होता. सकाळपासून सूर्य उगवलाच नाही. खालची शेतं गेली, समोरचे सांगाडे गेले, दुपारी तर गॅलरीचा कठडाही अधूनमधूनच दिसू लागला. क्षितिज कामासाठी दिल्लीला अडकला होता. नलिनीबाईंनी गॅलरीत वेगळी शेगडी मांडली, नाकाला पदर बांधला आणि म्हातारीने दाखवलं तसं भरलेलं मातीचं भांडं दुपारभर मंद आचेवर राखलं. हळूहळू वास बदलला. माशाचा वास मागे सरला. जळत्या गुळाचा, ओल्या मातीचा, चुलीच्या धुराचा वास पुढे आला. शेगडी तर गॅसची होती.

दिवेलागणीला कॉल लागला. मे पलीकडे आपलं ताट घेऊन बसली. मागे कोपऱ्यात म्हातारी होतीच. आज ती मे असतानाही गेली नाही. तिच्या पुढ्यात ताट नव्हतं.

तिकडची एक रीत आहे. धाकट्याने थोरांना एकेकाला बोलवायचं, जेवायला ये म्हणायचं. तोवर कुणी घास घ्यायचा नाही. माय हात जोडून म्हणाली, "मे, जेवायला ये." मग इकडे वळून, "आई, जेवायला या." संपलं.

नलिनीबाईंचा जीव कासावीस झाला. म्हातारी एकेक नाव ऐकत होती, मान पुढे काढून. आपलं नाव येत नाही म्हटल्यावर तिने मान खाली घातली. पंगतीतून वडीलधारं माणूस वगळायचं? आमच्या कऱ्हाडात याच्यावरून सात पिढ्या बोलणं बंद होतं!

त्या फोनपुढे वाकल्या आणि तोंडभरून म्हणाल्या, "आजी, तुम्ही पण या हो. आमच्याकडेच या जेवायला."

म्हातारीने वर पाहिलं. पान एका गालातून दुसऱ्या गालात गेलं. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, डोक्याचं फडकं सारखं केलं... आणि चालत चालत चित्राच्या कडेबाहेर गेली.

इकडे मायने पहिला घास घेतला होता. ती थिजली. मग दुसरा घेतला, तिसरा घेतला, आणि रडत रडत खातच सुटली. महिन्यात पहिल्यांदा ती मोरीकडे धावली नाही.

"आई... हा बाचा आहे. कोणी सांगितलं?"

"त्यांनीच की! त्या मागे बसल्या होत्या ना, मिश्रीवाल्या. आत्ता उठल्या बघ."

मायचा हात थांबला. तिने फोनकडे पाहिलं, मग सासूकडे.

"आई, तिथे मे एकटी असते... बा गेली. माझ्या लग्नाच्या वर्षी. मी इथे होते. मी... नाही गेले. इथे कुणाला सांगितलंही नाही."

तिने आईला आपल्या भाषेत काहीतरी सांगितलं. पलीकडे मेच्या हातातल्या जेवायच्या काड्या खाली पडल्या. मे आता भरभर बोलत होती, मागे वळून रिकाम्या स्टुलाकडे बघत होती.

"मे विचारते... तुम्ही तिला बोलावलं का? नाव... बोलावून?"

"बोलावलं," नलिनीबाई पुटपुटल्या. "जेवायला."

खाली, धुक्याच्या तळाशी, लिफ्ट घरघरली.

दोघी ऐकत राहिल्या. घरघर वर येत होती. वाटेत कुठे थांबली नाही. नवव्या मजल्यावर आली, दार सरकलं. मग सपातांचा आवाज... फरफट, फरफट... आणि दाराशी येऊन थांबला. बेल वाजली नाही. दाराखालून धुकं आत आलं, त्याला पानाचा आणि चुन्याचा वास होता.

"मे म्हणते, आता जेवू घाला," मायने मेचं बोलणं मराठीत सांगितलं. "आणि उदबत्ती संपायच्या आत... निरोप द्या. मुक्काम नको. पोटात बाळ आहे त्या घरात, गेलेल्या माणसाचा... मुक्काम नको."

कोणीही येवो, नलिनीबाई यजमानीणबाई. त्यांनी वाटीत भात वाढला, वर मासा वाढला, पेलाभर तांदळात उदबत्ती खोचली. मायने दार उघडलं. बाहेर फक्त पांढरं होतं.

"बा," ती म्हणाली, "जेवायला ये."

दिसलं काहीच नाही. पण वाटीतून सरळ वर जाणारी वाफ एकाएकी वाकली. गरम घासावर कुणी फुंकर घालावी तशी. पुन्हा वाकली. माय वाटीसमोर बसून आपल्या भाषेत बोलत राहिली. पोटावर हात ठेवून, नाक पुसत, मध्येच हसून. इतकी वर्षं साठलेलं ती एका उदबत्तीत सांगत होती. नलिनीबाईंना शब्द कळत नव्हता, पण सगळं कळत होतं. त्यांचीही आई गेली तेव्हा त्या इकडे होत्या. गाडीने कऱ्हाडला पोचेपर्यंत फळीवर नुसती मिश्रीची डबी उरली होती.

उदबत्ती बोटभर राहिली. फोनमधून मेने हात हलवला: आता पुरे.

नलिनीबाईंनी विडा करून उंबऱ्यावर ठेवला. सपाता फरफटल्या. लिफ्टचं दार उघडंच होतं. ते मिटायला लागलं, तसा नलिनीबाईंचा जीव भांड्यात पडला. आणि जीव भांड्यात पडला की मराठी बाईची जीभ सैल सुटते. कुणाही पाहुण्याला आयुष्यभर जे म्हणत आल्या, तेच तोंडातून निघालं:

"या हं पुन्हा! आणि अशा एकट्या नका येऊ, सगळ्यांना घेऊन या!"

मिटणारं दार थबकलं. पुन्हा पुरतं उघडलं. जरा थांबून, नीट ऐकून घेतल्यासारखं, मिटलं.

"आई," मायने विचारलं, "काय म्हणालात?"

आठवडाभर माय त्या भांड्यातलं जेवली. गालांवर रंग आला, डॉक्टरीणबाई खूश झाल्या. मेने रोज फोन करून बजावलं: परत आली तर या वेळी स्पष्ट सांगा, जा म्हणून. नलिनीबाईंनी स्नानगृहात उभं राहून सराव केला. "जा. जा आता." जीभ रेटेना. पाहुण्याला कधी म्हटलंय का 'जा'?

रविवार आला. धुकं आलं. भांडं दिवसभर शिजलं. दिवेलागणीला घरघर सुरू झाली, पण आज ती हळू होती. जड. दोर करकरत होते. लिफ्ट नवव्यावर आली, दार सरकलं, आणि कानठळ्या बसवत भोंगा किंचाळू लागला.

क्षितिज दार उघडून बघून आला. "ओवरलोड दिखा रही है. अंदर कोई भी नहीं है, यार! फॉग में सेन्सर गया." मग डोकं खाजवून म्हणाला, "पर ओवरलोड थी तो ऊपर आई कैसे?"

भोंगा किंचाळत होता. मग सपाता वाजल्या. मग आणखी. मग अनवाणी पावलं, मग एक काठी. मग भोंगा एकदम गप्प झाला. पानाचा वास आत आला, आणि त्याच्या मागून, दाराच्या फटीतून, दुसरा एक वास. जळक्या तंबाखूचा. मिश्रीचा.

नलिनीबाईंच्या हातातला डाव तसाच राहिला. त्या वासात कऱ्हाडचं परस होतं, सकाळचं ऊन होतं. जोडव्यांची एक जोडी त्यांच्या पाठीशी येऊन थांबली.

त्या ओट्याकडे वळल्या. कुकरमध्ये आणखी तांदूळ टाकले. वाट्या मांडल्या, घरात होत्या तेवढ्या. सगळ्या वाट्यांवरची वाफ वाकू लागली.

उदबत्ती शेवटाला आली. फोनमधून मे ओरडत होती. माय पोटाला दोन्ही हातांनी धरून उभी होती. "आई, सांगा ना... जा म्हणा..."

नलिनीबाईंनी तोंड उघडलं. मिटलं.

"सांगते गं," त्या म्हणाल्या. "जरा... जेवण तर होऊ दे त्यांचं." आणि विझत्या उदबत्तीवर त्यांनी दुसरी पेटवली.

तेवढ्यात खालून चौकीदाराने लिफ्ट बोलावली. दार मिटलं आणि लिफ्ट खाली गेली. हलकी, भरभर, एकदाही न किंचाळता.