डावा पाटा

मेहुणा रविवारी होडी न्यायला येणार होता आणि ट्रेलर काही रस्त्यावर काढण्याच्या लायकीचा उरला नव्हता. परसात, कुंपणाच्या भिंतीला लागून, काँक्रीटच्या फरशीवर तो वर्षानुवर्षं होडीला पाठीवर घेऊन उभा होता. टायरांत हवा भरली की झालं, असं ओळंबा समजून चालला होता. खाली वाकून पाहिलं तेव्हा पाट्यांची दशा दिसली.

ओळंबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. लिफ्टच्या कंपनीत तो तपासनीस होता. कुठलीही गोष्ट केसभर कलली तरी त्याच्या डोळ्यांत खुपायची, म्हणून कामावरच्या लोकांनी हे नाव पाडलं. घरात ते कळल्यावर बायकोने उचललं आणि मग गल्लीनेही. लिफ्टमध्ये पाऊल टाकलं की पायाखालच्या हालचालीवरून आत किती वजन आहे ते तो सांगायचा, आणि सहसा चुकायचा नाही. आता निवृत्त झाला होता. बायको गेल्याला वर्ष होत आलं होतं. कुणी नावाने हाक मारेल असं घरात कुणीच उरलं नव्हतं.

होडीची हौस तिची. सुरुवातीला तळ्यावर दोघं जात. तिला डाव्या कानाने कमी ऐकू यायचं, म्हणून ती नेहमी डाव्या अंगाला बसायची, म्हणजे चांगला कान त्याच्याकडे. पुढे तिचं दुखणं सुरू झालं आणि होडीवर ताडपत्री पडली ती पडलीच.

चाकांच्या वर, दोन्ही बाजूंना, कमानीसारख्या वाकलेल्या पोलादी पट्ट्यांची एकेक चळत असते, ते पाटे. सगळं वजन तेच पेलतात. उजवीकडचे पाटे गंजले होते, पण कमान शाबूत होती. डावीकडची चळत मात्र सरळ होऊन पार उलटी वाकली होती आणि सगळ्यात वरची पट्टी टोकाशी तडकली होती.

"कायम एकाच अंगाला माल ठेवलेला दिसतो," सुट्या भागांच्या दुकानातली बाई म्हणाली. जुना पाटा तिने काउंटरवर ठेवून बोटाने डोलवून पाहिला. "बराच जड."

"रिकामी होडी होती. कित्येक वर्षं."

"मग रिकामी नसणार," ती सहज म्हणाली आणि मागे नवे पाटे काढायला गेली. "दोन्ही बाजूंचे बदला हं. आणि बोल्ट, बुश, सगळं नवंच घाला. जुन्यात जीव नसतो."

पुढचे दोन दिवस छान गेले. खरं सांगायचं तर वर्षभरात इतके छान दिवस त्याच्या वाट्याला आले नव्हते. जॅक लावून त्याने सांगाडा उचलला, खाली लाकडी ठोकळे रचले, चाकं काढली. गंजून एकजीव झालेले बोल्ट पान्याला दाद देईनात, तेव्हा ग्राइंडरने कापले. ठिणग्या भिंतीवर उडत होत्या, जळक्या लोखंडाचा वास नाकात बसला होता. पाटे अडकवायच्या कड्या ब्रशने घासून घेतल्या, नवे बुश ग्रीस लावून ठोकून बसवले, पाटे जागेवर धरून खालून बोल्ट आवळले. हात काळे झाले, कंबर धरली, पण दुपारचं जेवण चक्क चवीने गेलं. आणि चूळ भरताना आपण कालपासून एक शब्दही तोंडातून काढलेला नाही हे त्याच्या लक्षात आलं.

शेवटी जॅक खाली घेतला. ट्रेलरने नव्या पाट्यांवर एक हलका उसासा टाकला आणि स्थिर झाला. आडव्या पट्टीवर त्याने पाणसळ ठेवली. काचेतला बुडबुडा अगदी मधोमध थांबला.

"हं," ओळंबा म्हणाला. त्याच्या भाषेत ही मोठी शाबासकी होती.

सकाळी चहाचा कप घेऊन तो परसात आला आणि दारातच थबकला. पाणसळीची गरजच नव्हती. होडी डावीकडे झुकली होती. फार नाही, दोन बोटं.

त्याने सगळं तपासलं. फरशी सपाट होती. टायरांत हवा सारखी होती. बोल्ट ढिले नव्हते. पाटाच सदोष असणार म्हणून त्याने पुन्हा जॅक लावला आणि डावा पाटा उजवीकडे, उजवा डावीकडे केला. दिवस त्यातच गेला. दुसऱ्या सकाळी डावी बाजू तीन बोटं खाली होती.

मग त्याने होडी रिकामी केली. वल्ही, नांगर, दोर, तरंगती जाकिटं, तळाच्या फळ्या, सगळं काढून भिंतीशी रचलं. तळात पाणी साचलं असेल म्हणून बूच काढलं. आतून मूठभर कोरडा पाला पडला. होडी आतून अंड्याच्या टरफलासारखी पांढरी आणि मोकळी होती. पाटे जसे होते तसेच दबलेले.

त्या संध्याकाळी तो उजव्या बाजूने होडीत चढला. काही शोधायला नव्हे, नुसताच. आडव्या फळीवर, आपल्या जुन्या जागी तो टेकला आणि खालून पाटे करकरले. सवयीने त्याने पाणसळ फळीवर ठेवली.

बुडबुडा सरकत सरकत मध्यावर आला आणि थांबला.

ओळंबा बराच वेळ त्या बुडबुड्याकडे पाहत राहिला. आपलं वजन त्याला ठाऊक होतं. ते उजवीकडे पडलं आणि होडी समतोल झाली. याचा अर्थ काय तो कुणालाही कळला असता. त्याने डावीकडे पाहिलं. फळीवर धूळ होती, धुळीवर उतरतं ऊन होतं. बाकी काही नव्हतं.

"मीच आहे," तो हळूच म्हणाला.

मग तो रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसू लागला. आधी गप्प बसायचा. मग बोलू लागला. समोरच्या घराला नवा रंग लावलाय, पण भलताच भडक. नळाचा वॉशर बदलला. तुझी शाल कुणाला दिली नाही, कपाटातच आहे. डाव्या कानाची आठवण ठेवून तो जरा मोठ्यानेच बोलायचा. शेजारीण भिंतीवरून डोकावली तेव्हा त्याने फोनवर बोलत असल्याचं नाटक केलं आणि नंतर एकटाच हसला. एकटाच, असं त्याला त्या वेळी वाटलं मात्र नाही.

मेहुण्याचा फोन आला. "भाऊजी, ट्रेलर झाला का तयार?"

"झाला. पण असं कर, या रविवारी नको येऊस."

"का हो? तब्येत बरी आहे ना?"

"तब्येतीला काय धाड भरलीय? होडी राहू दे म्हणतो थोडे दिवस."

"ताईची आठवण म्हणून का? मग ठेवा की. माझी काही घाई नाही."

हे झालं दुपारी. संध्याकाळी तो होडीत चढला, आपल्या जागी बसला आणि पाणसळ ठेवली. बुडबुडा मध्यावर आला नाही.

तो फळीच्या अगदी कडेला सरकला. तरीही डावी बाजू खालीच राहिली. त्याने उतरून वाळूचं एक पोतं आणलं, उजवीकडे टाकलं आणि पुन्हा बसला. तेव्हा कुठे बुडबुडा हलला, पण पुरता नाही.

आजारपणाच्या शेवटच्या महिन्यांत तो बायकोला रोज पलंगावरून उचलून खुर्चीत ठेवायचा. चिमणीएवढी झाली होती ती. त्या आधीही, धडधाकट असताना, ती अंगाने किरकोळच. तिचं वजन त्याच्या हातांना पाठ होतं. या जागी बसलेलं वजन तिचं नव्हतं. खरं तर ते पहिल्या दिवसापासूनच तिचं नव्हतं. त्याने मोजायचं टाळलं होतं, इतकंच.

परसात उजेड होता. पलीकडे कुणीतरी बादलीत पाणी सोडत होतं.

"तूच आहेस ना?" त्याने विचारलं.

खालचा पाटा करकरला. सावकाश, अगदी सावकाश बुडबुडा मध्याकडे सरकू लागला. वजन वाढलं नव्हतं की कमी झालं नव्हतं. कडेला बसलेलं कुणी फळीवरून सरकत जवळ यावं, तसं ते मध्याकडे येत होतं.

त्याच्याकडे.

ओळंबा उतरला. पळाला नाही, पायऱ्या चढून घरात गेला, दाराला आतून कडी घातली आणि फोन उचलला. "उद्याच ये," तो मेहुण्याला म्हणाला. "सकाळीच ये."

मेहुण्याचं घर तळ्याच्या पलीकडच्या काठावर होतं. ठरलं ते असं, की मेहुण्याने होडी पाण्यातून घरी न्यायची आणि रिकामा ट्रेलर ओळंब्याने गाडीमागे जोडून, तळ्याला वळसा घालून पोचवायचा. मेहुणा बसने आला. सामान होडीत भरलं, ट्रेलर गाडीला जोडला आणि दोघं निघाले. मेहुणा शेजारच्या सीटवर बसून घरच्या गोष्टी सांगत होता. ओळंब्याची नजर सारखी आरशात जात होती.

"गाडी डावीकडे ओढतेय का हो?" मेहुण्याने विचारलं.

"रस्ता त्या अंगाला उतरता आहे."

तळ्याकाठच्या घाटाच्या उतारावर त्याने गाडी मागे घेतली. ट्रेलरची चाकं पाण्यात बुडाली, मग पाटे बुडाले. होडी थरथरली, सुटी झाली आणि तरंगली. ओळंबा श्वास रोखून काठावर उभा होता. होडी पाण्यावर सरळ होती. कुठेही कललेली नाही, पानासारखी हलकी.

मेहुणा आत चढला, तेव्हा ओळंबा एकदम म्हणाला, "डावीकडे बसू नकोस."

"का?"

"नको बसूस. मधे बस."

मेहुण्याने त्याच्याकडे पाहिलं. काही विचारावं असं त्याच्या मनात आलं असणार, पण भाऊजींच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने विचार बदलला आणि तो मधोमध बसला. वल्ही पाण्यात पडली. होडी सरळ रेषेत लांब जाऊ लागली. "तुम्ही पोचा, मी चहा टाकायला सांगतो!" मेहुण्याने ओरडून सांगितलं.

ओळंब्याने ट्रेलर पाण्याबाहेर ओढला आणि खाली उतरून पाहिलं. दोन्ही पाट्यांची कमान सारखी वर आली होती. पाणी निथळत होतं. त्याने पाणसळ लावली, बुडबुडा मधे थांबला. त्याने टायरवर हलकेच लाथ मारली. ट्रेलर रिकाम्या गोष्टी हलतात तसा हलला.

संपलं तर. त्याला सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच इतकं पोरकं वाटलं की घाटाच्या पायरीवर थोडा वेळ टेकावं लागलं. होडी आता ठिपक्याएवढी झाली होती. तिच्यात एकच माणूस दिसत होता.

मग तो गाडीत बसला. आपला पट्टा लावला, गाडी सुरू केली, रस्त्याला लागला.

पहिल्या वळणाच्या आधीच टिकटिक सुरू झाली.

समोरच्या काचेखाली तांबडा दिवा उघडझाप करत होता. शेजारच्या सीटवर कुणी बसलंय आणि त्याने पट्टा लावलेला नाही, असं गाडी सांगत होती. मेहुणा काहीतरी विसरला असेल म्हणून त्याने पाहिलं. सीटवर काही नव्हतं. पिशवी नाही, रुमालही नाही.

टिकटिक जोरात वाजू लागली.

त्याने गाडी कडेला घेतली. लख्ख ऊन होतं. रस्त्यावर कुणी नव्हतं. सीटखालची वायर बिघडली असणार, असं त्याने स्वतःला मोठ्याने सांगितलं. मग हात लांबवून पलीकडचा पट्टा ओढला, रिकाम्या सीटवरून आडवा आणला आणि खाचेत बसवला.

टक्.

आवाज थांबला. इतकी शांतता झाली की मागे ट्रेलरवरून ठिबकणारं पाणी ऐकू येत होतं. त्याने सुस्कारा सोडला आणि हात मागे घेतला.

पट्टा सीटला टेकला नव्हता.

पाठीपासून चांगला हातभर पुढे, हवेत, ताणून गोल उभा होता. तो जरासा वर उचलला गेला, खाली बसला, पुन्हा वर उचलला गेला.

मग वरच्या गुंडाळीतून पट्टा हळूहळू सुटू लागला. वीतभर, आणखी वीतभर. आणि तो ताणलेला गोल उजवीकडे, त्याच्याकडे झुकत आला.