बुजवलेलं साणं

हौशीराम पाटी घेऊन आला तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. माझ्या चुना मळायच्या घाणीपाशी शेकोटी पेटलेली आणि भोवती चार रिकामटेकडी पोरं.

"चिमातात्या, पाटीभर चुना द्या. मळलेला."

"रातीचं घर बांधतूस व्हय रं?"

पोरं हसली. तो हसला नाही. "घरात बाळंतीण हाय न्हवं. परवा पोरगं झालं. सासूबाई बेल्ह्यावरनं आल्यात. म्हनत्यात, खोलीचं साणं बुजवा, वरनं वारं लागतंय. बाजंखाली शेगडी ठिवलीया, पर ऊब टिकंना."

माझ्या हातातली काटकी तशीच राहिली.

"शेगडी पेटलीया? आन दार?"

"दार सताड उघडं हाय. चुलती बसलीया आत."

"मग बस. चुना हाय. आधी ऐक. मग न्यायचा तर ने."

ही गोष्ट माझ्या ओळखीच्या माणसाची. पीरमहंमद गवंडी, जुन्नरचा. आणि हौशीराम, घर तुझंच. तुला सगळ्यांनी अर्धीच सांगितली आहे.

प्लेगाच्या सालात सरकारी माणसं आपल्या ओतुरात आली आणि घरांवरची कौलं उतरवून गेली. घरात हवा नाही, उजेड नाही, म्हणून रोग राहतो म्हणाली. आम्ही माळावर झोपड्यांत. परत आलो तेव्हा तुझ्या आज्यानं, धर्माजीनं, ठरवलं की आता नवं घर बांधायचं, उजेडाचं. पीरमहंमदला आणला. त्यानं तिकडं एका दवाखान्यावर साहेबाच्या हाताखाली काम केलेलं. त्यानं कौलं घातलीच नाहीत. कोब्याचं सपाट धाबं टाकलं. विटांचे तुकडे, वाळू, माझ्या घाणीचा चुना. बाया अकरा दिवस ओळीनं बसून थाप्यांनी कोबा ठोकत होत्या. खाली जमीनही कोब्याचीच. पाणी मुरायचं नाही, मुंगीला वाट नाही.

आतल्या खोलीला खिडकी काढता येईना, पलीकडं भावकीची भिंत. म्हणून धाब्याला साणं ठेवलं. ताटाएवढं भोक, वर पावसासाठी उचललेली फरशी. दुपारी त्यातून कवडसा खाली पडायचा.

"घर म्हंजी जितं जनावर हाय, चिमाजी," तो म्हणायचा. "त्याला नाक ठिवावं लागतं."

"तुझं नाक सांभाळ. लई वर गेलंय."

माझा राग होता त्याच्यावर. चारचौघांत म्हणाला होता, चिमाजीच्या चुन्यात खडे निघतात. निघत होते. पण म्हणायचं कशाला?

वर्षभरानं तुझ्या बापाची, सावळारामची, बायको बाळंत झाली. साळुबाई. तुझी आई. मार्गशीर्षातली थंडी, तिसरा दिवस. तुझी आजी प्रयागबाई, म्हातारीपुढं कुणाची टाप नव्हती. पीरमहंमद दुसऱ्या कामावर गावातच होता. त्याला बोलावून म्हणाली, भोक बुजव.

तो म्हणाला, "आक्का, न्हाई बुजवायचं. खाली कोळसा जळतोय."

"मला शिकवतूस? माझी पाच बाळंतपणं झाली. दार बंद, शेगडी बाजंखाली. मेले का मी?"

"तवा वर कौलं व्हती, आक्का. फटीफटीतनं घर दम टाकायचं. ह्यो कोबा हाय. ह्याला फट न्हाई."

"गवंड्यानं बाळंतिणीचं सांगू नये."

मग तो इथं आला. इथंच, या घाणीपाशी. म्हणाला, "चिमाजी, येक काम कर. म्हातारीला सांग, चुना न्हाई. चार दिस सांग. थंडी उतरंल, तीबी इसरंल."

घाणीत चुना होता. बैल नुकता सोडला होता मी.

मी म्हणालो, "भरलीया घाणी. खडे येचून ने."

एवढंच म्हणालो.

तो धाब्यावर चढला. फरशी सरकवली. खाली डोकावला तर कवडसा नेमका बाजेशेजारी पडलेला, आणि साळुबाईनं हात लांब करून त्यात धरलेला. तिनं वर बघितलं.

"पीरभाऊ, थोडं राहू द्या की. तेवढाच उजेड दिसतुय."

त्यानं मान फिरवली. विटा बसवल्या, चुना भरला. शेवटची थापी मारली तेव्हा खालून काही ऐकू आलं नाही.

रात्री म्हातारीनं तुला ओसरीवर मांडीत घेतलं, तू रडत होतास म्हणून. खोलीचं दार लावलं. बाळंतिणीला नीज लागावी म्हणून.

सकाळी दार उघडलं. अंगावर जखम नाही, ताप नाही. गाल लाल. निजल्यासारखी.

वातानं गेली म्हणाले. पीरमहंमद काही बोलला नाही. मीही नाही.

आता रात्र नेमकी सांगतो. पौषातली अवस, सोमवार. धर्माजीचा निरोप जुन्नरला गेला की बुजवलेलं सुकत नाही, खाली ठिबकतंय. महिना झालेला, बाहेर हवा कोरडी, ओठ फुटत होते. चुना तिसऱ्या दिवशी धरतो. पीरमहंमद गाडीनं आला तर सांज झालेली. शिडी लावून हात लावला. ओला. जसा भरला तसा.

"सकाळी बघ," धर्माजी म्हणाला. "ओसरीवर नीज."

"न्हाई. मी आतच बसतो. मीच बंद केलंय."

घोंगडी घेऊन बसला. थंडी म्हणून दार लोटलं. कोनाड्यात चिमणी पेटलेली. गाव निजलं. कुठंतरी कुत्रं भुंकलं, मग तेही गप्प.

मध्यरात्र उलटली असेल. ज्योत बारीक झाली. तेल होतं. वारा नव्हता. तरी बारीक झाली... आणि गेली.

काळोख.

मग त्याला जमीन दिसली.

कवडसा. बाज होती तिच्याशेजारी, कोब्यावर. ताटाएवढा. दुपारच्या उन्हासारखा पिवळा. बाहेर अवस. त्यानं वर बघितलं. वर बंद.

पुन्हा खाली बघितलं.

कवडशात हाताची सावली होती. पाच बोटं. हात नव्हता...

मग आवाज. कुणीतरी श्वास घेत होतं. आत ओढत होतं. ओढत होतं... सोडत नव्हतं.

त्याचा स्वतःचा श्वास कोंडला. दाराकडं जावं, तर पाय वळेना. म्हणाला, "बाई, मी उघडतो. उघडतो." हातोडी सापडली. शिडी सापडली. घाव घातला. ओला चुना तोंडावर पडला. दुसरा घाव. तिसरा. वीट निसटली.

वर तारे दिसले.

आणि त्याच्या गालाजवळून श्वास गेला. ऊन, लांब. वर... बाहेर.

खाली बघितलं. कवडसा नव्हता.

पहाटे तो माझ्याकडं आला. केसांत चुना. सगळं सांगितलं. मी म्हणालो, "कोंडल्या खोलीत बसलास, भ्रम झाला तुला." तो भांडला नाही. हाताला धरून मला घेऊन गेला. कवडसा पडला होता ती जागा दाखवली.

"हात लाव."

पौषातली पहाट. कोबा म्हणजे गार दगड, पाय टेकवत नव्हता. मी हात लावला. ती जागा तेवढी ऊन होती. माणसाच्या अंगासारखी.

मी तो उंबरा पुन्हा ओलांडला नाही. पीरमहंमदनं परत थापी धरली नाही. जुन्नरला बांगड्या विकत बसायचा. गेला त्याला सहा वर्षं झाली.

शेकोटी विझत आली होती. पोरांपैकी कुणी लाकूड सारलं नाही.

हौशीराम म्हणाला, "मला सांगितलं, आई बाळंतवातानं गेली."

"वातानं न्हाई. चुना माझा व्हता. न्हाई म्हनायचं व्हतं मला. दोन शब्द."

मला वाटलं, तो शिवी देईल. द्यावी असंही वाटलं. वीस वर्षं हा पोरगा इथून येतो-जातो, तात्या म्हणतो.

त्यानं काटकीनं एक निखारा उकरला.

"तात्या... ती जागा मला ठावं हाय. लहानपनी आईसाठी रडाय लागलो का आजी मला तिथंच निजवायची, कोब्यावर, उघडं. मी गप व्हायचो. आजी म्हनायची, दुपारच्या उन्हानं तापतीया."

"आन रातीचं?"

तो उठला. "शेगडी भाईर काढतो आधी," म्हणाला. पाटी रिकामीच काखेत मारली. दहा पावलं गेला आणि अंधारातूनच बोलला.

"परवा पोरगं झालं तवा खोलीत मांजर दिसली. हाकलली तर हालंना. तिथंच निजली व्हती, तात्या. मी पोराला उचलून तिच्या शेजारी ठिवलं... रडायचं थांबलं."