नर्मदाबाईंचे काचघर

पौषातल्या सकाळी औंढ्याच्या माळावर बोचरी थंडी होती. खाजगी तपासनीस व्यंकटराव आणि त्यांचे मित्र किसनराव हिंगोलीहून नर्मदाबाईंची बाग पाहायला आले, ते नेमके आरडाओरड्यात सापडले. काचघरात कुणीतरी बाईंच्या डोक्यात मागून घाव घातला होता. बेशुद्ध बाईंना घरात हलवले होते आणि पोलिसांचे अमीन काचघरातच माळी नेमसिंगचे हात बांधत होते.

दोघे काचघरात शिरले. बाहेरच्या भट्टीच्या उबेवर इथे जायफळ, लवंग, कोको अशी उष्ण मुलखातली झाडे वाढवलेली. दमट ऊब अंगावर आली आणि किसनरावांना काही दिसेचना. चष्मा काढून त्यांनी धोतराच्या सोग्याने पुसला, तेव्हा कुठे पार टोकाचे जायफळ आणि त्याखालचे रक्त दिसले.

"मी भट्टीत लाकडं टाकून राहिलो व्हतो," नेमसिंग म्हणाला. "कण्हणं ऐकून आत धावलो. बाईजवळची कुदळ बाजूला करून राहिलो, तं हे ओरडले."

'हे' म्हणजे बाईंचा दीर संतराम. त्याच्या चष्म्याची भिंगे जाडजूड होती.

"मी गावातून चालत आलो. आत पाऊल टाकलं, तोच दिसलं. तिकडं जायफळाखाली हा कुदळ घेऊन वहिनीवर वाकलेला! तसाच मागं फिरलो."

"वहिनींशी भांडण?" व्यंकटरावांनी विचारले.

"बाग मोडून जमीन विकू म्हणत व्हतो. त्या न्हाई म्हणल्या. त्याचं काय?"

व्यंकटरावांनी त्याचा चष्मा मागितला. तो देताच संतराम चाचपडला. "द्या लवकर. हातभरावरचं माणूस ओळखू येत न्हाई."

किसनराव कंटाळले. "आता काय राहिलं? माळीच तो."

"अमीनसाहेब, दोर सोडा," व्यंकटराव म्हणाले. "किसनराव, आत येताच तुम्हाला काय झालं?"

"काचांवर वाफ धरली."

"थंडीतून आलेल्या काचेवर ती धरणारच. संतराम तेव्हाच आला असता, तर त्याला काही दिसलं नसतं. चष्म्याशिवायही दिसत नाही. तरी त्याने टोकाची कुदळ पाहिली! म्हणजे त्याच्या काचा आधीच तापल्या होत्या. तो आतच होता. घाव घालून झाडांमागे दडला, आणि नेमसिंग आत आल्यावर दाराशी जाऊन ओरडला."

"सगळं खोटं!" संतराम किंचाळला.

तेवढ्यात नेमसिंगची बायको रूपाबाई घराकडून धावत आली. "बाईनं डोळे उघडले!"

"काही बोलल्या?" अमीनांनी विचारले.

"व्हय. म्हणल्या, भावजी माझ्या मागंच व्हते. त्यान्ला तं लागलं न्हाई ना?"

अमीन दोर घेऊन संतरामकडे वळले.

रूपाबाई एकेकाकडे पाहत राहिली. "बाई सारख्या विचारून राहिल्या. काय सांगू त्यान्ला?"